नारळ फुटला, मीठ पिकलं, चुना उकळला: यातला रासायनिक बदल कोणता?

तुमचा प्रश्न नीट वाचला. इतर पालकांनाही उपयोग व्हावा म्हणून आधी तो थोडक्यात मांडते. तुम्ही वेंगुर्ल्याकडचे, मुलगी सातवीत. घटक चाचणीत 'बदल भौतिक की रासायनिक ते सकारण लिहा' या प्रश्नात तिची तीन उत्तरं चुकली. मिठागरात मीठ तयार होणं तिने रासायनिक ठरवलं, कारण 'पाण्यातून मीठ हा नवीन पदार्थ तयार झाला'. नारळ फोडणंही रासायनिक ठरवलं, कारण 'फुटलेला नारळ पुन्हा जोडता येत नाही'. आणि कळीचा चुना पाण्यात भिजवणं तिने भौतिक म्हटलं, कारण 'पाणी वाळलं की पुन्हा पांढरी भुकटीच उरते'. शिकवणीत तिच्याकडून 'उलट फिरवता येतो तो भौतिक, फिरवता येत नाही तो रासायनिक' असं घोकून घेतलंय. हा नियमच चुकीचा आहे का, मीठ नवीन नसेल तर ते आलं कुठून, आणि भात शिजण्यावरून घरात जो वाद झाला त्यात कोण बरोबर, असं तुम्ही विचारताय. जाता जाता थिजलेल्या खोबरेलाचंही विचारलंय: खोबरेल थंडीतच थिजतं आणि मुठेल (कोकमाच्या, म्हणजे रातांब्याच्या, बियांचं तेल) मात्र मे महिन्यातही घट्ट कसं?

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत बरीच वर्षं विज्ञान शिकवते. ही तिन्ही उत्तरं वर्गात दरवर्षी येतात, आणि ती देणारी मुलं बहुतेक वेळा डोकं चालवणारी असतात. तुमच्या मुलीने प्रत्येक उत्तराला कारण दिलंय आणि ते कारण तिच्या हातातल्या नियमाशी जुळतंय. तेव्हा तिची समजूत कमी पडली असं मला वाटत नाही. तिच्या हातात दिलेलं मापच फसवं आहे.

खरा प्रश्न एवढाच विचारायचा: बदल होण्याआधी जो पदार्थ होता, तोच पदार्थ नंतरही आहे का? रूप बदललं असेल, आकार बदलला असेल, स्थायूचा द्रव झाला असेल, दोन पदार्थ एकमेकांत मिसळले किंवा वेगळे झाले असतील, तरी रेणू तेच असतील तर बदल भौतिक. रेणूंची मोडतोड होऊन अणूंची नवी जुळणी झाली, वेगळ्याच गुणधर्मांचा पदार्थ हाती आला, तर बदल रासायनिक. उलट फिरवता येतं की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. पुष्कळदा दोन्हींची उत्तरं जुळतात, म्हणून तो नियम शिकवणीत टिकून राहिलाय. बर्फाचं पाणी आणि पाण्याचा बर्फ होतो, लाकडाची राख होते पण राखेचं लाकूड होत नाही, एवढीच उदाहरणं घेतली तर नियम बिनचूक वाटतो. कोकणातल्या घराकडे आणि किनाऱ्याकडे बघायला लागलं की तो लगेच अडखळतो.

मिठापासून सुरुवात करू, कारण तुमच्याकडे शिरोड्याची मिठागरं आहेत आणि मुलीने 1930 च्या शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहाबद्दल ऐकलं असणारच. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. त्यातला तीन चतुर्थांशाहून थोडा जास्त भाग आपलं खाण्याचं मीठ, म्हणजे सोडिअम क्लोराइड. उरलेल्यात मॅग्नेशिअमचे, कॅल्शिअमचे, पोटॅशिअमचे क्षार. मीठ दिसत नाही, कारण त्याचे कण पाण्यात सुटे सुटे होऊन सगळीकडे पसरलेले असतात. पण ते तिथे आहे हे जिभेला कळतंच. मिठागरात भरतीचं पाणी आत घेतात, ते उथळ वाफ्यांमधून पुढे पुढे सरकवतात, आणि ऊन-वारा त्यातलं पाणी उडवून नेतो. पाणी जातं, क्षार मागे राहतात, खारेपणा वाढत जातो.

इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि मुलांना ती फार आवडते. सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. पाणी मूळच्या साधारण पाचव्या हिश्शावर आलं की जिप्सम बसायला लागतं. दहाव्या हिश्शाच्या आसपास आलं की सोडिअम क्लोराइडचे खडे धरायला लागतात. शंभर ग्रॅम पाण्यात साधारण छत्तीस ग्रॅमच मीठ मावतं. त्यापुढे पाणी कमी झालं की जास्तीचं मीठ बाहेर पडण्यावाचून इलाज नसतो. मॅग्नेशिअमचे क्षार मात्र अजून पाण्यातच राहतात, म्हणून मीठ ओढून घेतल्यावर उरणारं पाणी कडू असतं. या सगळ्यात कुठेही एका पदार्थाचा दुसरा पदार्थ झालेला नाही. उन्हाने पाणी वेगळं केलं, मीठ वेगळं झालं. मीठ समुद्रात आधीपासून होतं, हे तुमच्या मुलीच्या 'आलं कुठून' या प्रश्नाचं उत्तर.

खडेमिठाचा एक दाणा तिला भिंगातून दाखवा. कडा काटकोनात, बाजू सपाट, लहानशी चौकोनी पेटी. मधूनच एखादा दाणा पायऱ्या-पायऱ्यांचा, आतून खोलगट दिसेल. तो दाणा पाण्यात विरघळवा, बशीत उन्हात ठेवा, पुन्हा तसलेच चौकोनी दाणे धरतील. आकाराने लहान-मोठे होतील, पण काटकोन तोच. सोडिअमचे आणि क्लोरिनचे कण ज्या रांगांनी बसतात त्या रांगा दर वेळी सारख्याच, म्हणून बाहेरचा आकारही तसाच येतो. 'पदार्थ तोच राहिला' याचा याहून डोळ्यांना पटणारा पुरावा सातवीच्या मुलाला मला तरी देता आलेला नाही.

मिठाचाच आणखी एक प्रकार, जो आपल्याकडे प्रत्येक स्वयंपाकघरात होतो. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. हे पाणी मिठातून निघत नाही, हवेतून येतं. हवेची सापेक्ष आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठसुद्धा हवेतली वाफ ओढून घेऊन तिच्यात विरघळायला लागतं. खडेमिठात थोडं मॅग्नेशिअम क्लोराइड राहिलेलं असतं, आणि ते तर तेहतीस टक्क्यांच्या पुढेच पाणी ओढतं. आषाढ-श्रावणात आपल्याकडची हवा याच्या कितीतरी वर असते. म्हणून खडेमीठ आधी ओलं होतं आणि शुद्ध केलेलं बारीक मीठ जरा उशिरा. इथे वायुरूप पाण्याचं द्रव झालं, त्यात मीठ विरघळलं, दोन्ही भौतिक बदल. चुलीजवळ ठेवलेली बरणी कोरडी राहते तेही याच हिशोबाने.

आता खोबरेल आणि मुठेल. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली थिजतं. आपल्या किनाऱ्यावर डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा वीसच्या खाली येतो, तेव्हा बाटलीतलं तेल पांढरं होतं आणि दहा वाजता उन्हात ठेवलं की पुन्हा पातळ. मुठेल, म्हणजे रातांब्याच्या बियांचं तेल, चाळीस अंशांच्या आसपास वितळतं. किनाऱ्यावरच्या मे महिन्यातही सावलीतला पारा सहसा तिथवर जात नाही, म्हणून ते बाराही महिने गोळ्याच्या रूपात राहतं. टाचेच्या भेगांना लावताना मात्र बोटांच्या उबेने आणि चोळण्याने ते मऊ पडतं. दोन्ही तेलंच, दोन्हींत स्निग्धाम्लांच्या लांब साखळ्या असतात. खोबरेलात त्या बहुतांशी आखूड असतात, मुठेलात लांब साखळीचं स्टिअरिक आम्ल भरपूर असतं. लांब, सरळ साखळ्या एकमेकींना जास्त घट्ट धरून राहतात, त्यांना सुटं करायला जास्त उष्णता लागते. द्रवणांकाचा अर्थ एवढाच: कण जागच्या जागी धरून ठेवणारी ओढ आणि उष्णतेने त्यांची होणारी हालचाल, यांत हालचाल वरचढ ठरते ते तापमान.

बारकाईने बघणाऱ्या मुलाला एक शंका येते आणि ती रास्त आहे. बर्फ बरोबर शून्य अंशाला वितळतो, मग तेल एका ठरावीक अंशाला का वितळत नाही? अर्धं पातळ, अर्धं दाणेदार असं बराच वेळ का राहतं? कारण शुद्ध बर्फात एकाच प्रकारचे रेणू असतात. तेल हे अनेक प्रकारच्या रेणूंचं मिश्रण आहे, कोणी आधी सुटतात, कोणी नंतर. म्हणून पाठ्यपुस्तकात तेलाचा द्रवणांक दिलेला दिसला तरी तो काटेकोर आकडा समजू नये. तुपाचंही तसंच.

मुठेल काढण्याची पद्धतही या धड्यात घ्यायला हवी असं मला मनापासून वाटतं. बिया वाळवायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर तरंगणारं तेल काढायचं, निवलं की गोळे वळायचे. वाळवणं, कुटणं, वितळणं, तरंगणं, गोठणं, हे सगळे भौतिक बदल एकामागोमाग एक. बी पुन्हा जुळवता येत नाही. तरी तेल नवीन नाही, ते बीमध्येच होतं, जसं मीठ समुद्रात होतं. मिठागराचं उत्तर तिला पटलं की हे ती आपणहून सांगेल.

अवस्था बदलायला उष्णता किती लागते, हा भाग पुस्तकात दोन ओळींत येतो, पण आपल्या बंदरांवरचा अख्खा व्यवहार त्यावर उभा आहे. हर्णैला किंवा मिरकरवाड्याला मासळी उतरते तेव्हा क्रेटमध्ये एक थर बर्फाचा, एक थर माशांचा असं भरतात. एक किलो बर्फ शून्य अंशाला असताना त्याचं शून्य अंशाचंच पाणी व्हायला सुमारे ऐंशी किलोकॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेत एक किलो पाणी शून्यावरून ऐंशी अंशांपर्यंत तापलं असतं. ही उष्णता बर्फ माशांकडून आणि आजूबाजूच्या हवेकडून ओढतो, आणि जोवर क्रेटमध्ये बर्फ शिल्लक आहे तोवर त्याला लागून असलेलं पाणी शून्याच्या आसपासच राहतं. थर्मामीटर हलत नाही, उष्णता मात्र सतत जात असते. याला पुस्तकात अप्रकट उष्मा म्हणतात. बर्फाऐवजी नुसतं गार पाणी ओतलं असतं तर ते बघता बघता कोमट झालं असतं.

वाफेचं पारडं याहून जड. शंभर अंशांचं एक ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे पाचशे चाळीस कॅलरी घेतं, आणि ती वाफ हाताला लागून पुन्हा पाणी झाली की तेवढ्या परत देते. म्हणून मोदकपात्राचं झाकण उघडताना उकळत्या पाण्यापेक्षा वाफेला जास्त जपायचं. तिथेच मुलीला आणखी एक गोष्ट दाखवा. झाकणाच्या फटीला अगदी लागून थोडी जागा मोकळी, काहीच नसल्यासारखी दिसते, आणि त्याच्या पुढे पांढरा लोट सुरू होतो. खरी वाफ त्या मोकळ्या जागेत आहे, ती दिसत नाही. पांढरं दिसतं ते थंड हवेत पुन्हा पाणी झालेले बारीक थेंब. वायू म्हणजे धुरासारखं काहीतरी पांढरं, ही समजूत बऱ्याच मोठ्या माणसांतही असते.

आता तिच्या दुसऱ्या उत्तराकडे. नारळ फुटला. करवंटी जोडता येणार नाही, हे तिचं निरीक्षण खरं आहे. पण करवंटी करवंटीच आहे, खोबरं खोबरंच, पाणी पाणीच. एकाही पदार्थाचा रेणू बदलला नाही. खोबरं खवलं, वाटलं, पिळून रस काढला, तरीही भौतिकच. तोच खवलेला नारळ तसाच राहून खवट झाला की मात्र गोष्ट वेगळी. तिथे तेलाच्या रेणूंची मोडतोड झाली, वास आणि चव देणारे नवे पदार्थ तयार झाले. आणि करवंटी चुलीत घातली तर रासायनिक बदलाबद्दल शंकाच नको. एकाच नारळावर हे सगळं दाखवता येतं, म्हणून मी वर्गात नारळ घेऊन जाते. मुलं खोबरं खातातही.

तिसरं उत्तर, चुन्याचं, सगळ्यात महत्त्वाचं. 'उलट फिरवता येतो' हा नियम तिथे पुरता कोसळतो. किनाऱ्यावर पूर्वी कालवांची आणि तिसऱ्यांची शिंपलं भट्टीत भाजून चुना करत. शिंपलं म्हणजे मुख्यतः कॅल्शिअम कार्बोनेट. नऊशे अंशांच्या आसपास तापवलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना, म्हणजे कॅल्शिअम ऑक्साइड, उरतो. शंभर ग्रॅम शुद्ध कॅल्शिअम कार्बोनेट पूर्ण भाजलं तर छप्पन्न ग्रॅम कळीचा चुना राहतो, चव्वेचाळीस ग्रॅम वायू होऊन जातात. हा पहिला रासायनिक बदल.

कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं की तो फुलतो, चरचरतो, वाफा येतात, भांडं हात लावता येणार नाही इतकं तापतं. पाणी इथे नुसतं मिसळत नाही. ते चुन्याशी जोडलं जातं आणि कॅल्शिअम हायड्रॉक्साइड तयार होतं. नंतर जास्तीचं पाणी वाळलं आणि पांढरी भुकटी उरली तरी ती कळीच्या चुन्याची नव्हे. तिच्यावर पुन्हा पाणी ओतून बघा: उकळणार नाही, तापणार नाही. तुमच्या मुलीने पांढऱ्या रंगावर विश्वास ठेवला आणि तिथे फसली. गुणधर्म बदलला हे तिने स्वतः पाहिलं असतं तर उत्तर आपोआप बरोबर आलं असतं. (कळीच्या चुन्याचा प्रयोग घरात मुलीला करू देऊ नका. डोळ्यात उडाला तर कायमची इजा होते. शाळेत बाई करून दाखवतील तेवढाच बघू दे.)

पुढे तो भिजवलेला चुना वाळू घालून भिंतीत वापरला की वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत राहतो आणि हळूहळू पुन्हा कॅल्शिअम कार्बोनेट होतो. म्हणजे शिंपलीपासून निघालेला पदार्थ चुना होऊन भिंतीत परत शिंपलीच्याच पदार्थावर आला. पूर्ण फेरी उलट फिरली, आणि वाटेतला प्रत्येक टप्पा रासायनिक. जलदुर्गांच्या तटबंदीतली चुनेगच्ची अशीच दगडासारखी झाली. सिंधुदुर्गाचं बांधकाम 1664 मध्ये सुरू झालं, आणि त्याच्या पायाचे दगड शिसं ओतून बसवल्याचं सांगतात. शिसं 327 अंशांना वितळतं आणि फटीत ओतलं की गोठून पुन्हा शिसंच होतं, हा भौतिक बदल. घट्ट बसवण्याची ही दोन कामं बाहेरून सारखी दिसतात: दोन्हींत पातळ किंवा मऊ पदार्थ भरला, दोन्हींत तो कडक झाला. एक नुसता गोठला, दुसऱ्याचा पदार्थच बदलला. मालवणला सहल काढलीत तर होडीतून उतरल्यावर मुलीला हा प्रश्न तटापाशी उभं राहून विचारा.

इथपर्यंतचं थोडक्यात: नारळ उलट फिरत नाही तरी भौतिक, चुना उलट फिरतो तरी रासायनिक, मीठ नवीन दिसतं तरी आधीपासूनच होतं. तिन्हींत विचारायचं ते एकच, पदार्थ तोच आहे का.

आता हे ओळखायचं कसं? पुस्तकात खुणा दिलेल्या असतात: रंग बदलणं, बुडबुडे येणं, उष्णता बाहेर पडणं किंवा घेतली जाणं, वास येणं. या खुणा उपयोगी आहेत, पण त्या पुरावा नव्हेत. बुडबुडे पाणी उकळतानाही येतात आणि सोड्याची बाटली उघडल्यावरही येतात, तिथे विरघळलेला वायू नुसता बाहेर पडतो. शिंपल्याच्या चुऱ्यावर लिंबू पिळलं तर येणारे बुडबुडे मात्र रासायनिक, कारण आम्लामुळे शिंपल्यातून नवा वायू तयार होतोय. उष्णता वाफेचं पाणी होतानाही बाहेर पडते. कोकमाच्या आगळात पाणी घातलं की रंग फिका होतो, तो नुसता विरळ झाला म्हणून. तेव्हा खूण दिसली की थांबायचं नाही, पुढचा प्रश्न विचारायचा: काय होतं, काय झालं, आणि जे झालं त्याचे गुणधर्म वेगळे आहेत का?

एकाच पदार्थात दोन्ही बदल होतात तेव्हा मुलं गोंधळतात. देवघरातला कापूर डबीत ठेवला तर महिन्याभरात लहान होतो. तो द्रव न होता थेट वायू होतो, याला संप्लवन म्हणतात, आणि तो भौतिक बदल. तोच आरतीत पेटवला की त्याचा कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि काजळी होते, तो रासायनिक. आंब्याचं पाहा. अढीत पिकताना स्टार्चची साखर होते, आम्लं कमी होतात, रंग आणि वास बदलतो, हे रासायनिक. त्याचा रस ताटात पसरून आंबापोळी वाळवताना मुख्यतः पाणी उडतं, ते भौतिक. पण उन्हात रंग गडद होत जातो तिथे थोडा रासायनिक बदलही चालू असतो. बोंबील वाळवताना तेच. अशा वेळी 'कोणता बदल' असं न विचारता 'कोणकोणते बदल' असं विचारायला मुलीला शिकवा.

भाताचा वाद. तुम्ही म्हणता तांदूळ आणि पाणीच तर आहे, म्हणून भौतिक. तिची आई म्हणते शिजलेला भात पुन्हा तांदूळ होत नाही, म्हणून रासायनिक. आईचं कारण आपण वर तपासलं, ते पुरेसं नाही. पण म्हणून तुमचं पूर्ण बरोबर ठरत नाही. शिजताना स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, त्यांची आतली घट्ट रचना ढासळते, थोडा स्टार्च पेजेत उतरतो. स्टार्चच्या रेणूची मुख्य साखळी मात्र बहुतांशी तशीच राहते. या बाजूने पाहिलं तर बदल भौतिक वाटतो. दुसऱ्या बाजूने, शिजलेल्या दाण्याचे गुणधर्म इतके बदलतात, पचनासाठी तो इतका वेगळा होतो, की शालेय पुस्तकं अन्न शिजवणं सरसकट रासायनिक बदलात घालतात, आणि भाकरी भाजणं, मासा तळणं यांत ते निर्विवाद खरंही आहे. भात हे सीमेवरचं उदाहरण आहे. परीक्षेत तिच्या पुस्तकात आणि बाईंच्या शिकवण्यात जे आलंय ते लिहावं, आणि घरी दोन्ही बाजू समजून घ्याव्यात. मीठ पाण्यात विरघळण्याबद्दलही वरच्या वर्गात असाच वाद होतो, कारण मिठातले कण सुटे होऊन पाण्याच्या रेणूंनी वेढले जातात. सातवीसाठी ते भौतिक, कारण पाणी उडवलं की तेच मीठ परत मिळतं. जांभा दगडही असाच: खाणीतून ओला काढला की करवतीने कापता येतो, आणि उघड्यावर राहून कडक होतो. त्यात पाणी जाणंही आहे आणि लोहाच्या संयुगांमधले बदलही. एका शब्दात बसवण्याचा आग्रह तिथे धरू नये.

मार्कांचं म्हणाल तर चाचणीतली तिन्ही उत्तरं चूकच होती. बाईंनी बरोबर तपासलंय, त्यांच्याकडे तक्रार घेऊन जाऊ नका. मुलीला मात्र जरूर पाठवा. 'मी नियम वापरला होता, तो इथे चालत नाही हे मला आता कळलं, दुसरं उदाहरण विचारून बघा' असं तिने सांगितलं तर कुठलीही शिक्षिका आनंदाने विचारेल. निदान मी तरी विचारते. मुलांचं 'कारण' वाचल्याशिवाय ती कुठे अडली ते कळत नाही, आणि नुसतं भौतिक किंवा रासायनिक एवढंच लिहिणाऱ्या मुलाला निम्मी उत्तरं अंदाजानेच बरोबर येतात.

घरी करायचे दोन प्रयोग सांगते. समुद्राच्या पाण्यापासून मीठ काढायचं असेल तर दिवाळीनंतर करा. पावसात परातीतलं पाणी उडत नाही, खारं पाणी उलट हवेतली ओल धरून बसतं. पाणी खाडीच्या मुखापासून दूर, मोकळ्या किनाऱ्यावरून घ्या, कारण खाडीत नदीचं गोडं पाणी मिसळून खारेपणा कमी झालेला असतो. फडक्यातून गाळा, काचेच्या किंवा चिनी मातीच्या पसरट भांड्यात उन्हात ठेवा, वर जाळी टाका. स्टीलची किंवा ॲल्युमिनिअमची परात नको, खारं पाणी तिला खातं आणि तोही एक रासायनिक बदलच मध्ये घुसतो. पाणी अगदी थोडं उरलं की भांडं हलवू नका, सावकाश धरलेले खडे मोठे होतात. शेवटचं थेंबभर पाणी वेगळं काढा, म्हणजे कडवट क्षार मिठात कमी येतील. हे मीठ बघण्यासाठी, खाण्यासाठी नको, किनाऱ्याचं पाणी तेवढं स्वच्छ नसतं.

तोवर पावसाळ्यात चुन्याची निवळी करता येईल. खाण्याच्या पानाला लावायचा चुना चमचाभर घेऊन पेलाभर पाण्यात ढवळा, रात्रभर झाकून ठेवा, वरचं स्वच्छ पाणी न हलवता दुसऱ्या पेल्यात ओता. त्यात कागदी नळीने हळू फुंकलं की ते दुधाळ होतं: श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि विरघळलेला चुना मिळून कॅल्शिअम कार्बोनेट, म्हणजे शिंपल्याचाच पदार्थ, बारीक कणांच्या रूपात तयार होतो. फुंकत राहिलं तर काही वेळाने पाणी पुन्हा निवळतं, कारण जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडमुळे विरघळणारं बायकार्बोनेट तयार होतं. तिला आधी ते दुधाळ होताना बघू दे, मग निवळताना, आणि दोन्ही वेळा 'काय होतं, काय झालं' हे वहीत स्वतःच्या शब्दांत लिहू दे. नळी तोंडात धरून ओढायची नाही, फुंकायचीच, आणि निवळी हाताला लागली तर लगेच धुवायची, हे मात्र सुरू करण्याआधी सांगा.